सत्याऐंशी बायकांची वजनं

मालवण,
१२ ऑक्टोबर २००६

प्रिय जान्हवी,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि त्या खोलीत सासूबाईंबरोबर शेजारच्या दोघीतिघी कायम बसलेल्या असतात. शिवाय विषय आकड्यांचा आहे. ते कागदावरच बरे.

शाळेने मला यंदा घेतलं नाही. अकरा वर्षं दर जूनमध्ये 'शारीरिक शिक्षण, तात्पुरत्या' असा नवा कागद मिळायचा. यंदा कागद आला नाही, आणि येणार नाही हेही कुणी सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणे गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर गेले, तर तिथे नवे सर मुलींना रांगेत उभं करत होते. तशीच घरी आले. शिट्टी काढायचं जेवताना लक्षात आलं.

आता माझा बेत ऐक. मला बायकांसाठी व्यायामशाळा काढायची आहे. इथे पुरुषांच्या दोन आहेत, बायकांची एकही नाही. डॉक्टर प्रत्येकीला चालायला सांगतात. बायका पहाटे किनाऱ्यावर चालतातही, पण कुणी ओळखीचं दिसलं की देवळाकडे निघाल्याचं सोंग करतात. गुडघे आणि साखर, घरोघर हेच.

सुशांतचा कुडाळच्या कारखान्यातला पगार आणि माझा, दोन्हींतून साठवलेले दोन लाख आहेत. बँक महिलांच्या योजनेतून तीन देते म्हणते, पण साहेबांना पाठीमागे एखाद्या कंपनीचं नाव हवं. "फ्रँचायझी घ्या बाई, मग बघू," म्हणाले. पेपरात दोघांच्या जाहिराती पाहिल्या, 'ओजस्विनी' आणि 'शेपलीना'. दोन्हींची केंद्रं ठाण्यात आहेत. तू जाऊन येशील? फी किती, पुढे दरमहा किती, आणि त्या बदल्यात ते करतात काय, एवढं नीट विचार. मामेबहीण आहेस म्हणून हक्काने सांगते: माहितीपत्रक वाचून लिहू नकोस, आत जाऊन बघ.

तुझी,
गौरजाताई

*

ठाणे,
२ नोव्हेंबर २००६

प्रिय गौरजाताई,

दोन्हीकडे जाऊन आले. उशीर झाला, राग मानू नकोस.

ओजस्विनी: फी एकदाच, पंचाहत्तर हजार. दरमहा काही द्यायचं नाही. यंत्रं कुठूनही आण. त्या बदल्यात पुण्याला पाच दिवस शिकवतात, एक पाटी देतात आणि संपलं. त्यांच्या बाईंना मी विचारलं, पुढे अडचण आली तर? त्या म्हणाल्या, "फोन करा, मी असले तर उचलीन." निदान खरं बोलल्या.

शेपलीना: फी दीड लाख. यंत्रं त्यांचीच घ्यायची, तीन लाख. वर दरमहा जमा होईल त्याच्या आठ टक्के, आणि जाहिरातीसाठी दोन टक्के वेगळे. महाग आहे. पण महिनाभर त्यांची माणसं येऊन राहतात, सगळं कसं करायचं त्याचं पुस्तक देतात, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक तेच मिळवून देतात. आधी तुझ्याकडून गावाची पाहणी करून घेतात, मग टपालाने बायकांशी संपर्क ठेवतात. तुला दारोदार फिरावं लागणार नाही.

माझं मत शेपलीनाला. तिथल्या मुली फार आस्थेने वागतात. मला पाऊण तास बसवून घेतलं. एकेका बाईकडे इतकं लक्ष मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

निकेत आणि मुलगा बरे आहेत. मी हल्ली रात्रीचं जेवण सोडलं आहे, हलकं वाटतं.

तुझी,
जान्हवी

*

मालवण,
२० नोव्हेंबर २००६

प्रिय जान्हवी,

तुझ्या शब्दावर शेपलीनाला अर्ज केला आणि पंचवीस हजार भरले. गाव मंजूर व्हायला पंचाहत्तर बायकांची पाहणी लागते. मी सत्याऐंशी केल्या. नाव, पत्ता, वय, बाळंतपणं, उंची, वजन. पिशवीत काटा घालून घरोघर फिरले.

मास्तरणी, बँकेतल्या, दुकानवाल्यांच्या बायका पटकन तयार झाल्या. कोळणींनी मात्र घाम काढला. बाजारातली कावेरी तुला आठवते? तिची मुलगी माझ्याकडे खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती. मी काटा जमिनीवर ठेवला तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गो बाई, आमी बांगडोसुदीक तोलनव नाय, वाटो घालून विकतंव. आणि तू आमकाच तोलूक इलंस?"

सगळा बाजार हसला. शेजारच्या पाटीवरची यशोदा ओरडली, "चड गो कावेरी, काटो मोडलो तर बाई नवीन घेतली!"

मग कावेरीने मला बाजूला घेतलं. "ह्यो कागद खंय जातलो?" मी म्हटलं, कुठेही नाही, माझ्या कामापुरता आहे. "तुजा नाव घेवन चडतंय," म्हणाली, आणि चढली. ब्याऐंशी. तिला वाचता येत नाही, म्हणून आकडा मी तिच्या कानात सांगितला. तिच्यामागून बाकीच्या चढल्या.

कागद काल कंपनीला रवाना केले. जान्हवी, शाळेने काढल्यापासून पहिल्यांदा मला झोप नीट लागते आहे.

तुझी,
गौरजाताई

*

शेपलीना लेडीज फिटनेस, फ्रँचायझी सहाय्य विभाग
८ डिसेंबर २००६

सौ. गौरजा यांस,
स. न.

आपण पाठवलेली पाहणी आमच्या कोकण विभागातली आजवरची सर्वोत्तम पाहणी आहे. अभिनंदन! इतर ठिकाणी स्त्रिया वजन सांगताना पाच-सहा किलो चोरतात. आपण प्रत्यक्ष काट्यावर उभं केलंत, त्यामुळे माहितीचं मूल्य फार वाढलं आहे.

आपलं गाव मंजूर झालं आहे. उर्वरित रक्कम ३१ जानेवारीपर्यंत भरावी. केंद्र उघडण्याआधी गावात उत्सुकता निर्माण करण्याचं काम आम्ही सहाय्याचा भाग म्हणून, विनामूल्य, लगेच सुरू करत आहोत. सोबत केंद्र-चालकांचं पुस्तक पाठवलं आहे. ते गोपनीय आहे.

आपली,
उर्वशी सबनीस

*

मालवण,
१४ डिसेंबर २००६

प्रिय जान्हवी,

पुस्तक आलं. रात्री सुशांतला वाचून दाखवायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर थांबले. उतरवून पाठवते, तूच वाच.

'काटा आरशासमोर ठेवावा. ग्राहक स्त्रीस आरशाकडे तोंड करून उभं करावं. आकडा स्पष्ट व मोठ्याने वाचावा. त्यानंतर दहा सेकंद काहीही बोलू नये. शांतता असह्य होऊन ती स्वतः बोलू लागेल. ती बोलू लागताच पॅकेजचा कागद पुढे करावा.'

पुढे हे आहे: 'स्त्री रडू लागल्यास टिश्यू पेपर द्यावा, सांत्वन करू नये. सांत्वनाने निर्णय लांबतो.'

आणि बाळंतीण बाईसाठी वेगळं पान. तिला लग्नातला फोटो घेऊन यायला सांगायचं, तो टेबलावर ठेवायचा, आणि तिच्याशी बोलताना मधूनमधून तिच्याकडे न बघता त्या फोटोकडे बघायचं.

पुस्तक गुळगुळीत कागदाचं आहे, मुखपृष्ठावर हसणारी बाई आहे. सडक्या कोळंबीची टोपली उघडावी तसं मला झालं. बाहेर जाऊन हात धुऊन आले. कुणीतरी पगार घेऊन, बसून, हे लिहिलंय. दहाच सेकंद का, आठ का नाहीत, याचा कुणीतरी विचार केलाय.

तू तिथे पाऊण तास होतीस. त्या मुली फार आस्थेने वागतात असं लिहिलं होतंस. तुला यातलं काही दिसलं नाही? उलट टपाली कळव. पैसे भरायला दीड महिना आहे.

गौरजाताई

*

मालवण,
४ जानेवारी २००७

जान्हवी,

तुझं उत्तर नाही. न आलं तरी हे वाच.

परवा सकाळी गावात कार्डं आली. पाकीट नाही, साधी उघडी पोस्टकार्डं, छापलेली. फक्त नाव आणि आकडे वेगळे. एकेकीला एकेक, सत्याऐंशी.

बाजारातल्या बायकांची पत्रं सत्यवान पोस्टमनच वाचून दाखवतो. गेली वीस वर्षं तसंच चालत आलंय. मुंबईच्या मुलाचं, बँकेचं, काहीही असो, तो पाट्यांच्या मधोमध उभा राहून मोठ्याने वाचतो आणि अख्खा बाजार ऐकतो. कावेरीचं कार्ड त्याने तसंच वाचलं.

'सौ. कावेरी, आपलं वजन ८२ किलो. असायला हवं ५४. हा २८ किलोंचा भार तुमच्याबरोबर तुमचे पतीही सोसत आहेत! लवकरच आपल्या गावात, शेपलीना. संपर्क: सौ. गौरजा.' खाली माझा फोन नंबर.

सत्यवान अर्ध्यावर अडखळला म्हणे, पण तोवर आकडा वाचून झाला होता. आणि पती म्हणजे कोण? तिचा गंगाराम जाऊन सात वर्षं झाली. अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. पुरुषांपैकी कुणीतरी मागून हसलं. कावेरीने कार्ड सत्यवानच्या हातातून घेतलं, चार तुकडे केले आणि बांगड्यांवरचा बर्फ सारखा करत बसली.

बाकीच्या घरांत काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळतंय. यादीतल्या सावित्रीची सासू आता तिला नावाने हाक मारत नाही, आकड्याने मारते. "गो अठ्ठ्याहत्तर, च्या टाक." बँकेतल्या एकीच्या टेबलावर कुणीतरी तिचं कार्ड पिनेने टोचून ठेवलं. आमचा फोन वाजतो. अर्ध्या वेळी समोर शिव्या असतात. उरलेल्या अर्ध्या वेळी माणसं विचारतात, आमच्या हिला बारीक करायला किती घ्याल? या दुसऱ्या फोनांची मला जास्त शिसारी येते.

काल मी बाजारात गेले. कावेरीसमोर उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही. मी बांगड्यांच्या वाट्याकडे हात केला तर म्हणाली, "तो विकलो." शेजारी यशोदा. "तोव विकलो." ओळीने सगळ्या पाट्या भरलेल्या आणि सगळं विकलेलं. रिकामी पिशवी घेऊन मी पूर्ण रांग चालून आले.

मी उर्वशीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रतिसाद येतोय ना? फोन वाजतायत ना? मग!" ही कार्डांची मालिका आहे, एकूण चार. दुसरं पाच फेब्रुवारीला निघणार. त्यात वजनाबरोबर वय आणि बाळंतपणंही असतील.

मला आता पैशांचं काही वाटत नाही. पाच फेब्रुवारीच्या आत हे थांबलं पाहिजे.

गौरजा

*

ठाणे,
१० जानेवारी २००७

ती. गौरजाताईस,

तुझं डिसेंबरचं पत्र मी त्याच दिवशी वाचलं होतं. उत्तर लिहायला बसले, तीनदा फाडलं.

तू उतरवून पाठवलंस ते सगळं माझ्याबरोबर झालं होतं. मी चौकशीला म्हणून गेले. त्या मुलीने विचारलं, चौकशी तुमच्यासाठी? मी नाही म्हणायच्या आत तिने हसत मला काट्यावर नेलं. आरसा समोर. तिने आकडा वाचला आणि गप्प राहिली. मला वाटलं, तिला माझी दया आली म्हणून ती गप्प आहे. मीच बोलायला लागले. मुलाच्या वेळचं सिझेरियन, ऑफिसमधलं बसून काम, निकेतची आई काय बोलते ते. ज्या गोष्टी मी तुलाही कधी सांगितल्या नाहीत त्या एका अनोळखी मुलीला सांगितल्या. मग कागद पुढे आला. साडेनऊ हजारांच्या पॅकेजवर मी सही केली. निकेतला सांगितलं, सोसायटीचा खर्च निघाला. रात्रीचं जेवण त्यांनी सोडायला लावलं. नोव्हेंबरात दोनदा ऑफिसात चक्कर येऊन पडले.

'आस्थेने वागतात' हे मी का लिहिलं? मी फसले असं लिहिलं असतं तर कशी फसले तेही लिहावं लागलं असतं, काटा, आकडा, सगळंच. आणि ताई, आणखी एक गोष्ट आहे. तूही पैसे भरलेस तर मी एकटी मूर्ख ठरत नव्हते. हे तेव्हा मनात स्पष्ट नव्हतं, पण होतं. आता लिहून झाल्यावर माझी मलाच किळस येते.

तू बायकांना माझं नाव सांग. मामेबहिणीने खोटं लिहिलं म्हणून हे झालं, असं सांग. मी येऊन उभी राहायला तयार आहे.

जान्हवी

*

मालवण,
२९ जानेवारी २००७

प्रिय जान्हवी,

तुझं पत्र वाचून राग आला, तो अजून गेलेला नाही. पण जेवायला लाग आधी. चक्कर येऊन पडण्याइतकं उपाशी राहायला त्या मुली तुझ्या कोण लागतात?

तुझं नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. बायका तुझ्या शब्दावर काट्यावर चढल्या नव्हत्या. कागद कुठेही जाणार नाही असं मी म्हटलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात रजिस्टर्ड टपालाने रवाना केले. मला कुणीही फसवलं नव्हतं तेव्हा. कंपनी मागते आहे म्हणजे द्यायचं, एवढाच विचार मी केला. शाळेतही दर महिन्याला मुलींची वजनं भिंतीवर लावायचे, तेव्हाही मी विचार केला नव्हता.

अर्ज मागे घेतला. पंचवीस हजार बुडाले. पण कार्डं थांबेनात. उर्वशीबाईंचं पत्र आलं की माहिती आता कंपनीची मालमत्ता आहे. ज्या स्त्रीला आपलं नाव काढून हवं असेल तिने स्वतःच्या सहीनिशी वेगळा अर्ज करावा. सत्याऐंशी बायका, सत्याऐंशी अर्ज. त्यांना वाटलं असेल, कोण एवढ्या दारांवर जाईल.

मी गेले. पंधरा दिवस रोज सकाळी निघत होते. सत्तर-बहात्तर ठिकाणी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. काहींनी दार लावून घेतलं आणि अर्जाचा कागद खालून आत ओढून घेतला, सही करून तसाच बाहेर सरकवला. सावित्रीच्या सासूने माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "आज काटो हाडूक नाय?" सावित्रीने मागून येऊन सही केली आणि पेन माझ्या हातात न देता पायरीवर ठेवलं. यशोदा चांगली पाच मिनिटं शिव्या देत होती, मग अंगठा उठवला आणि पुन्हा शिव्या दिल्या. मला ते बरं वाटलं.

शहाऐंशी झाले. कावेरी राहिली होती. तिच्याकडे मी तीनदा जाऊन परत आले. काल ती दारात येऊन उभी राहिली. मी छापील नमुन्याचा कागद पुढे केला. "ह्यात काय लिवलास?" मी वाचून दाखवलं, 'माझे नाव आपल्या यादीतून कमी करावे ही विनंती.'

"विनंती?" ती म्हणाली. "इनंती तू कर. माका कोरो कागद काड. मी सांगतंय ता लिव."

ती दारात बसली, मी अंगणात उभी राहून तुळशीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिलं. शेवटच्या ओळींना मी थांबले, तर म्हणाली, "लिव." मग दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. शेजारच्या घरांतून ऐकत होते. सगळे अर्ज आज रजिस्टरने मुंबईला गेले. तिच्या पत्राची नक्कल तुला पाठवते आहे. एक अक्षर बदललेलं नाही.

गौरजा

*

मालवण,
२८ जानेवारी २००७

शेपलीना कंपनी, मुंबय.

माजा नाव कावेरी. मी बाजारात बांगडे विकतंय.

तुमचा कार्ड गावला. माका वाचूक येणा नाय, म्हणान ता भर बाजारात वाचला गेला. आदी माजी शंबर पत्रां तशीच वाचली गेली, पण लपवचासारख्या तेंच्यात कायच नव्हता.

तुमका माजा वजन खबर आसा. माका तुमचा नावसुदीक खबर नाय. कार्डाखाली कोणाचीच सय नाय. जेना ह्या लिवल्यान तेका सांगा, तुजा वजन एका कार्डार लिव, खाली सय कर, आणि तुज्या आवशीक धाड.

माजो घोव सोसता म्हणान लिवलास. तो मरान सात वर्सां झाली. जितो होतो तेवा तेना माका कदी तोलूक नाय.

ह्या आंग मी चोरून हाडूक नाय. ह्याच आंगान तीन पोरां वाडयली, ह्याच आंगान डोक्यार पाटी घेवन आचऱ्यापर्यंत चललंय. तेतूरला अठ्ठावीस किलो तुमचा म्हणतास तर येवन घेवन जावा. कोणाक धाडतास ता कळवा, मी बाजारातच आसतंय.

माजा नाव तुमच्या वहीतसून काडा. दुसरा कार्ड इला तर मी तुमच्या दाराक येतलंय, एकटी येवची नाय.

ह्या पत्र लिवणारी बाय माज्या अंगणात उबी आसा. माका काट्यार तिनाच चडयल्यान. तिका मी घरात घेवक नाय, कदी घेतलंय ता माका आज सांगूक येणा नाय. ता आमचा आमी बगतलंव. तुमी तेच्यात पडा नको.

कावेरी
(डाव्या हाताचो आंगठो)